आधी ठिणगी पाहा, मग कार्बोरेटर खोला



खत, बियाणे आणि कीड यांखेरीज या सदरात फारसे काही येत नाही. आज मात्र मोटारीविषयी लिहितो आहे. विषय तुमच्या फवारणी पंपापर्यंत पोचणार आहे, तेव्हा पान उलटू नका.

जुन्या जालन्यात माझ्या ओळखीचे एक शेतकरी कुटुंब आहे. मोसंबीची बाग आहे, थोडी कपाशी आहे आणि दारात वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. घरातले सगळे तिला 'फियाट'च म्हणतात, आणि ते चूकही नाही. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ती फियाटच्या परवान्यानेच बांधली. 'पद्मिनी' हे नाव १९७४ साली मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती २०२३ साली निघाली, पण कोणाकोणाच्या दारात अजून जीव धरून आहे.

गेल्या मे महिन्यात आईला डोळे दाखवायला नेताना ही गाडी अंबड चौफुलीच्या अलीकडे बंद पडली. अर्ध्या तासाने चालू झाली, पुन्हा दोन-तीन किलोमीटरवर बंद. भर दुपारचे ऊन आणि आत ऐंशीच्या घरातली म्हातारी. नंतर एका मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून साफ केला, दुसऱ्याने नवाच घाला म्हणून सांगितले. दोन्हीकडे पैसे गेले, खोड गेली नाही. घरधनी मला म्हणाले, "साहेब, भंगारात घालतो आता. आईला परत असं उन्हात बसवायचं नाही मला."

कार्बोरेटर करतो तरी काय? हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल तुषार होऊन बाहेर येते. वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल. शेजारी पेट्रोलची एक वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो. पातळी भरली की सुई वर जाऊन वाट बंद करते. घराच्या पाण्याच्या टाकीला आपण तरंगता गोळा लावतो, तोच हिशेब. एवढ्या साध्या वस्तूवर इंजिनाच्या सगळ्या दुखण्यांचा आळ येतो, कारण ती समोर दिसते आणि चार स्क्रू काढले की उघडते.

म्हणून आधी प्लग काढा. त्याला वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारून ठिणगी पाहा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेले नसावे. ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलकडे शोधा. कार्बोरेटरला हात लावू नका. ठिणगी निळी, कडक असेल तर प्लगचे तोंड बघा. कोरडे असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओले असेल तर पेट्रोल ओव्हर होते आहे. म्हणजे सुईखाली कचरा अडकला, फ्लोटला भोक पडले, नाहीतर कोणी चोक ओढून विसरला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा भाजलेला म्हणजे कमी. बिस्किटासारखा तपकिरी प्लग दिसला की समाधान मानावे.

या गाडीचा प्लग कोरडा निघाला. मे महिना, जालन्याचे ऊन. मी लगेच निदान करून टाकले की पंपात पेट्रोलची वाफ धरते आहे. जुने ड्रायव्हर अशा वेळी पेट्रोल पंपावर ओले फडके गुंडाळत. आम्हीही गुंडाळले. गाडी तीन किलोमीटरवर पुन्हा थांबली आणि माझे शहाणपण तिथेच संपले. मग टाकीचे झाकण उघडले, तर 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली! मूळ झाकण हरवल्यावर कोणीतरी दुसरेच घट्ट झाकण बसवले होते. त्याला हवेचे भोक नव्हते. पेट्रोल जाईल तशी टाकीत हवेची पोकळी होई आणि पंपाला ओढ लागेना; अर्ध्या तासात कुठून तरी हवा झिरपली की गाडी पुन्हा निघे. कार्बोरेटरचा काही संबंध नव्हता.

संबंध नंतर आला. झाकण बदलले, गाडी न थांबता धावू लागली, पण पेट्रोल बेसुमार पिऊ लागली आणि प्लग काळे पडू लागले. साफसफाईत जेटमध्ये तार घातली गेली होती. जेटवर आकडा असतो. १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. पितळ मऊ, तारेने ते मोठे होते. फवारणीच्या नोझलमध्ये तार घालू नका म्हणून मी गावोगाव सांगत आलो, ते याच कारणाने: भोक मोठे झाले की औषध दुप्पट जाते आणि कीड तेवढीच राहते. जेट फुंकून किंवा पंपाच्या हवेनेच साफ करावे. त्या कुटुंबाला जुन्या सामानाच्या दुकानात तसे जेट मिळायला पंधरा दिवस लागले.

आता पेट्रोलही बदलले आहे. २०२५ पासून बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले मिळते. ते आपल्याच उसाचे आणि मक्याचे, त्यामुळे मी तक्रार करणार नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते. १९८० च्या गाडीची पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा वर्षातून दोनदा हाताने चाचपून पाहा. चिकट किंवा मऊ लागले तर बदला.

एक गोष्ट घरातल्या पोरांना बजावून सांगा. गाडी चालू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारू नये. इंजिनाने उलटा भडका मारला की ज्वाला तोंडावर येते. नळी तोंडात धरून टाकीतले पेट्रोलही ओढू नये. थोडे जरी फुप्फुसात गेले तर दवाखाना गाठावा लागतो.

आणि तुमचा पेट्रोलवरचा फवारणी पंप, पॉवर वीडर? त्यांनाही असाच छोटा कार्बोरेटर आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटीतले उरलेले पेट्रोलही जळून जाईल. तसेच ठेवलेत तर त्याचा डिंक होऊन जेट बुजते, आणि नेमके बोंडअळी दिसल्याच्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा दुखतो.