पाड्यांना विचारलेच नाही

2023 साली लोकसभेने गदारोळात आणि राज्यसभेने, विरोधकांनी सभात्याग केल्यावर, वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्ती मंजूर केली. संयुक्त समितीकडे गेलेले विधेयक जसेच्या तसे परत आले, म्हणजे ऐकून घेण्याचा नुसता सोपस्कार झाला. ज्यांचे जगणे जंगलावर चालते त्यांना विचारलेच नाही, हा आमचा मुख्य आक्षेप आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या गोदावर्मन निकालाने मालकी कुणाचीही असो, जे प्रत्यक्षात जंगल आहे त्याला संरक्षण दिले होते. या दुरुस्तीप्रमाणे मात्र दप्तरात ‘वन’ अशी नोंद असेल तेवढेच जंगल. वसईतल्या सातिवलीच्या गाळ्यांना आणि कारखान्यांना लागून तुंगारेश्वरचा डोंगर आहे, तिथे या नोंदीवर काय काय ठरते हे वसईकरांना सांगायला नको.

तुंगारेश्वर अभयारण्याला धक्का लागणार नाही, असे सांगितले जाईल. 2003 साली जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचे. पायथ्याच्या वारली, कातकरी, मल्हार कोळी पाड्यांचे जगणे त्या हद्दीत मावत नाही. शेवळे, कर्टोली या रानभाज्या हद्द पाहून उगवत नाहीत. वाघदेवाचे ठाणे, धान्यदेवता कणसरीला पुजणारी शेती, तारपा या वाद्याला लागणारा दुधी, बांबू आणि ताडाचे पान हे सगळे एकाच रानाचे आहे. जिव्या सोमा म्हसे यांना पद्मश्री देऊन वारली चित्राचा गौरव करायचा आणि त्या चित्रातले रान प्रकल्पांना मोकळे करायचे, ही फसवणूक आहे.

वनहक्क कायदा शाबूत आहे, हा दुसरा युक्तिवाद. तो कागदोपत्री खरा आहे. पण 2022च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेचा होकार घेण्याचे बंधन काढले आणि हक्कांची तड लावण्याचे काम नंतर राज्यावर सोपवले. मंजुरी मिळाली, पैसे भरले, यंत्रे आली की ‘नाही’ म्हणणाऱ्या पाड्याचे कोण ऐकणार? अनुसूचित जमाती आयोगाने या नियमांना लेखी हरकत घेतली. त्याचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी 2023च्या जूनमध्ये मुदतीआधीच पद सोडले. 2013 साली ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी वेदांता कंपनीच्या खाणीला नकार दिला आणि डोंगर वाचला, कारण तेव्हा आधी विचारले गेले होते. ग्रेट निकोबार बेटावर प्रकल्पासाठी शोंपेन आणि निकोबारी लोकांच्या वर्षावनातील सुमारे 130 चौरस किलोमीटर जंगल द्यायचे ठरले आहे आणि त्याची भरपाई म्हणून झाडे हरयाणात लावायची आहेत. तिथल्या आदिवासी परिषदेने ना-हरकत पत्र मागे घेतले, तरी काम पुढे रेटले जात आहे. झाडे मोजून जंगलाची भरपाई होते असे मानणाऱ्यांना हरयाणा चालतो. शोंपेनांना तो कसा चालेल?

येत्या 9 ऑगस्टला पालघर जिल्ह्यात आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतील, मंत्री तारप्यावर ताल धरतील. नियमांनीच चेंडू राज्याच्या कोर्टात टाकला आहे. तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्याआधी लेखी आदेश काढावा: ग्रामसभेच्या संमतीशिवाय महाराष्ट्रात वनजमीन वळती होणार नाही, आणि महापालिका हद्दीत गेल्यामुळे ग्रामसभा गमावलेल्या सातिवलीसारख्या भागात प्रत्येक पाड्याची स्वतंत्र सभा घेतली जाईल.