दुसऱ्याच्या नावावरचे घर

सांगलीच्या हळदपेठेत तीन पिढ्यांची अडत असलेल्या एका घराण्यातील धाकटा मुलगा इंडोनेशियातील बाली बेटावर गेला आणि कोरीवकामाच्या वस्तूंची निर्यात करता करता तेथेच स्थिरावला. बेट त्याच्या आचारास फारसे प्रतिकूल नव्हते. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात सूर्यास्त बारा महिने सहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. त्यामुळे रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणे सोपे होते. मात्र तेथील सांबाल नावाच्या चटणीत बहुधा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो, हे समजल्यापासून त्याने बाहेरचे जेवण वर्ज्य केले. स्वयंपाकघर आपले हवे, म्हणून घरही आपले हवे, असे त्या पतिपत्नींना वाटू लागले.

एका दलालाने भातखाचरांलगतची जागा दाखविली. परदेशी माणसाला तेथे जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही. म्हणून खरेदीखत एका स्थानिक गृहस्थाच्या नावे करावे, त्याच्याकडून कुलमुखत्यारपत्र आणि खोट्या कर्जाचा रोखा लिहून घ्यावा, ‘सगळे असेच करतात’, असे त्याने सांगितले. मुलाने इसार दिला आणि उरलेल्या रकमेसाठी सांगलीस दूरध्वनी केला.

“आप्पा, तो माणूस फार भला आहे हो,” मुलगा म्हणाला.

“असेल बाळ. त्याचे वारस कसे आहेत, ते तुला ठाऊक आहे का?” आप्पांनी विचारले. “आणि जे कर्ज आपण दिलेच नाही, त्याचा रोखा आपल्या दप्तरात कसा ठेवायचा? आपल्या पेढीवर खोटी नोंद कधी झालेली नाही.”

आप्पांच्या आग्रहामुळे मुलाने तेथील एका स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतला. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत भूमी कायद्यानुसार पूर्ण मालकीचा हक्क तेथील नागरिकांसाठी आहे. तो प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने परदेशी व्यक्तीकडे देण्याचा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन शासनाकडे जाते आणि दिलेली रक्कम परत मागता येत नाही. म्हणजे भांडण न्यायालयात गेले, तर तो रोखाच व्यवहाराचे खरे स्वरूप उघड करणार होता. दुसरीही अडचण होती. मुलगा पुढे भारतात परतला आणि करकायद्याने सामान्य निवासी ठरला, तर परदेशातील मालमत्ता विवरणपत्रात दाखविणे त्यास बंधनकारक होईल. तसे न केल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावावरचे घर तो कोणत्या शब्दांत दाखविणार होता?

तथापि आप्पांच्या मनातील खरी अडचण कायद्यापलीकडची होती. काही वर्षांपूर्वी त्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले होते. या व्रताच्या गणनेत क्षेत्र आणि वास्तू प्रथम येतात. राहते घर, पेढी आणि गावाकडील शेत, एवढीच त्यांची मर्यादा होती. कागदावर परक्याचे नाव घातल्याने लोकांची दृष्टी चुकविता येईल. परंतु ‘हे माझे’ ही भावना त्यामुळे कमी होत नाही. आपण व्रती राहून मुलास अशी पळवाट कशी दाखवावी, हे त्यांना उमगेना.

त्यांनी निर्णय कळविला. रक्कम मुलास देणगी म्हणून द्यावयाची, उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक 2,50,000 डॉलरच्या मर्यादेत, बँकेमार्फत. पण सरळ व्यवहारासाठीच. इसार बुडाला. मुलाला ती रक्कम जड वाटली. आप्पांनी ती पेढीवर न टाकता स्वतःच्या खात्यातून भरून दिली आणि त्याविषयी पुन्हा शब्द काढला नाही.

परदेशी व्यक्तीला ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो; परंतु त्यासाठी घराच्या किमान किमतीची अट आहे व ती त्यांच्या आवाक्याबाहेर होती. अखेर पंचवीस वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करण्यात आला. हरितपट्ट्यातील जागा टाळली, बांधकामाची परवानगी आधी घेतली आणि पायाची खोदाई पावसाळा संपल्यावर, एप्रिलनंतर केली. ओल्या मातीत जीवजंतू अधिक, हा विचार त्यात होता. गवती छप्पर दिसायला मोहक असते, पण त्यात कीटक घर करतात आणि काही वर्षांनी ते बदलावे लागते; म्हणून रुंद वळचणीची कौले घातली. दक्षिण बालीतील घरांत देवस्थान साधारणतः ईशान्य कोपऱ्यात असते, कारण पवित्र आगुंग पर्वत आणि उगवता सूर्य त्या बाजूस येतात. गवंड्याने तोच कोपरा देवासाठी राखला, तेव्हा आईला फार समाधान वाटले.

आप्पांनी ते घर एकदाच पाहिले. ओसरीवर बसून त्यांनी भाडेपट्ट्याची अखेरची तारीख आपल्या वहीत लिहून घेतली. “पंचवीस वर्षांनी सोडावे लागेल, आप्पा,” सून हळूच म्हणाली. ते म्हणाले, “सांगलीचे घरही मला सोडावेच लागणार आहे, सूनबाई. त्याची तारीख तेवढी कोणी लिहून दिलेली नाही.”

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्या घरांत असे प्रस्ताव येतच राहतील. पैसे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हक्क कोणाच्या नावे आहे, तो किती काळाचा आहे आणि हा व्यवहार जसा झाला तसाच वहीत लिहिता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही गोड असोत, थैलीची गाठ सोडू नये.