पात्याची किंमत आणि पात्याचा खर्च

बेंगळुरूतील आमच्या शाखेसमोर एक शहाळेविक्रेता बसतो. त्याच्या हातातील रुंद पात्याच्या कोयत्याला कन्नडमध्ये ‘मच्चु’ म्हणतात. तीन-चार घावांत शहाळ्याचे तोंड मोकळे होते. दिवसभरात असे किती घाव पडत असतील, याचा हिशेब त्यानेही ठेवलेला नाही. त्याच शाखेत माझा एक तरुण सहकारी आहे. शनिवार-रविवार पश्चिम घाटात भटकंती करणे हा त्याचा छंद. एके दिवशी त्याने मला विचारले, “सर, जंगलात वापरायचा दणकट चाकू घ्यायचा आहे. पंधराशेचाही आहे, पंधरा हजारांचाही आहे. तुम्ही वाणिज्य शाखेचे; कोणता घेऊ?”

प्रश्न सहज विचारलेला होता. तथापि त्याचे उत्तर शोधताना मला माझ्याच एका जुन्या चुकीपाशी येऊन थांबावे लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम, महाग चाकूत आपण नेमके कशाचे पैसे मोजतो ते पाहू. पहिली गोष्ट पोलाद. दुसरी, त्या पोलादाला दिलेले ‘पाणी’, म्हणजे तापवून एकदम थंड करणे आणि मग मंद आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवणे. तिसरी, मुठीच्या आत जाणारा पात्याचा भाग. तो मुठीच्या टोकापर्यंत गेला असेल, तर जोराच्या घावानेही मूठ निसटत नाही. चौथी गोष्ट झिलई, म्यान आणि नाव. पहिल्या तीन गोष्टी कामाच्या आहेत. चौथी बव्हंशी डोळ्यांच्या समाधानासाठी असते. दुकानात मात्र नेमकी चौथीच आधी दिसते.

स्वीडन या एकाच देशातील दोन उदाहरणे येथे उद्‌बोधक ठरतील. दालार्ना प्रांतातील मोरा या गावचे चाकू जगभर स्वस्त म्हणून ओळखले जातात. त्यांच्या बहुतेक साध्या प्रकारांत पाते मुठीच्या टोकापर्यंत जात नाही. तरीही पोलाद चांगले आणि पाणी नेमके दिलेले असल्याने सुतारांपासून सैनिकांपर्यंत अनेक जण ते वर्षानुवर्षे वापरतात. दुसरे उदाहरण फेल्कनिवेन कंपनीच्या ‘एफ-१’ चाकूचे. १९९५ पासून तो स्वीडिश हवाईदलाच्या वैमानिकांचा जीवरक्षक चाकू आहे. त्याचे पाते मुठीतून आरपार गेलेले असते आणि किंमत मोराच्या साध्या चाकूच्या कित्येक पट असते. यांपैकी एक चांगला व दुसरा वाईट, असे म्हणता येत नाही. संकटात एकाच चाकूवर प्राण अवलंबून असणाऱ्या वैमानिकाची गरज आणि रोज लाकूड तासणाऱ्या सुताराची गरज या भिन्न आहेत, एवढेच.

कठीण पोलाद म्हणजे उत्तम पोलाद, हाही असाच एक गैरसमज. उसाची तोडणी जमिनीलगत करावी लागते, कारण बुडख्याकडील भागात साखर अधिक असते. साहजिकच कोयत्याचे पाते माती-खड्यांवर आदळते. फार कठीण पाते तेथे तुटते किंवा त्याचे टवके उडतात. त्यामुळे कोयता थोडा मऊ पण चिवट असावा लागतो. धार गेली की बांधावर बसून कानस फिरवली, की काम पुन्हा सुरू. म्हणूनच गावचा जाणता लोहार मालमोटारीच्या जुन्या पाट्यांचे पोलाद पसंत करतो. आयुष्यभर धक्के सोसण्यासाठीच ते बनवलेले असते. ज्या म्हैसूर प्रदेशात मी आज नोकरी करतो, तेथील पोलादाने एके काळी युरोपातील शास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. इंग्रजीतील ‘वूट्झ’ हा शब्द कन्नडमधील ‘उक्कु’, म्हणजे पोलाद, या शब्दावरून आला असे मानले जाते. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी या पोलादावर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला होता. भट्टीपाशी बसणाऱ्या माणसाचे ज्ञान हे त्याचे भांडवलच होय.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, माझ्या सहकाऱ्याने १५,००० रुपयांचा चाकू घेतला आणि वर्षातून दहा दिवस याप्रमाणे पंधरा वर्षे वापरला. कामाचे दिवस झाले १५० आणि खर्च पडला दिवसाला १०० रुपये. १,५०० रुपयांचा चाकू पाचच वर्षे टिकला असे धरले, तरी दिवसाचा खर्च ३० रुपये. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात परवानगीवाचून शस्त्र नेण्यास मनाई आहे आणि शस्त्राच्या व्याख्येत चाकूचाही समावेश होतो. म्हणजे तो महाग चाकू बहुतेक काळ कपाटातच राहणार!

ऊसतोड मजुराचे गणित याच्या उलट आहे. ३०० रुपयांचा कोयता १५० दिवसांचा एक हंगाम जेमतेम काढतो; ६०० रुपयांचा तीन हंगाम टिकतो. पहिल्याचा रोजचा खर्च दोन रुपये, दुसऱ्याचा सुमारे एक रुपया तेहतीस पैसे. त्यातही मजुरी टनावर मिळते. बोथट पात्यापायी गेलेली प्रत्येक घटका पदरची जाते.

थोडक्यात, ज्याला स्वस्त वस्तू पुरेशी आहे तो महाग घेतो, आणि ज्याला चांगल्या वस्तूवाचून तोटा आहे तो स्वस्त घेतो. मजुराला हिशेब कळत नाही म्हणून असे घडते काय? मुळीच नाही. हंगामाच्या तोंडावर हातात असलेल्या त्याच पैशांत धान्य, मुलांचे कपडे आणि वाटखर्च भागवायचा असतो. वरचे तीनशे रुपये त्या दिवशी नसतात, एवढेच.

येथे मला माझी चूक आठवते. नोकरीच्या आरंभी मी महाराष्ट्रातील एका ग्रामीण शाखेत होतो. कोयते, विळे घडवणाऱ्या एका लोहाराने धार लावण्याच्या यंत्रासाठी कर्ज मागितले. त्याने दोन दरपत्रके जोडली होती आणि महाग यंत्र हवे असे आग्रहाने सांगितले होते. मी कमी दराचे मंजूर केले. नियमाचे पालन आणि बँकेच्या पैशाची काळजी अशी दोन्ही कर्तव्ये बजावल्याचे समाधान मला वाटले. दुसऱ्याच वर्षी, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर, यंत्राची मोटार जळाली. तो हप्ता भरायला आला तेव्हा शांतपणे एवढेच म्हणाला, “साहेब, यंत्र बंद पडलं, पण हप्ता चालू आहे.” माझी फाइल निर्दोष होती, निर्णय सदोष होता. रोज पोलाद हाताळणाऱ्या माणसाचे मत मी विचारातच घेतले नव्हते.

आज परिस्थिती काहीशी सुधारली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि विनातारण, पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. आमच्या शहाळेविक्रेत्यासारख्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी योजना आहे. ऊसतोड मजूर मात्र आजही मुख्यत्वे मुकादमाच्या उचलीवर विसंबून असतो. त्या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. ज्या अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, त्या माणसांपर्यंत आपला पतपुरवठा अद्याप पुरेसा पोहोचलेला नाही, हे आपण मान्य केले पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. अवजारासाठी कर्ज मंजूर करताना किमतीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने असावेत : ते किती कामाचे दिवस टिकेल आणि दुरुस्ती जवळपास कोठे होईल. ही माहिती अर्जदाराकडेच असते. आपण ती विचारली पाहिजे. ग्राहक बंधू-भगिनींनीही खरेदीपूर्वी हेच दोन प्रश्न स्वतःला विचारावेत.

सहकाऱ्याला मी पंधराशेचा चाकू घेण्यास सांगितले. उरलेले पैसे त्याने आवर्ती ठेवीत ठेवले की नाही, हे मी विचारलेले नाही. शहाळेविक्रेत्याला मात्र मी स्वनिधी योजनेचा अर्ज नेऊन दिला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला, मच्चुची धार अंगठ्याने चाचपली आणि पुढचे शहाळे हाती घेतले.