भारंगीला उद्यानात जागा हवी

नगरपालिकेच्या उद्यान खात्याने झुडपांच्या खरेदीची दरखास्त मांडली की तीत ड्युरांटा, अकालिफा आणि क्रोटन ही मंडळी मामुलाप्रमाणे हजर असतात. परंतु ज्या सह्याद्रीच्या शेजाराने आपली इतकी शहरे नांदतात, त्या सह्याद्रीतील भारंगी या रानभाजीच्या झुडपाचे नाव सदर यादीत घालावे असे कोणाही अधिकाऱ्यास सुचत नाही. जे पानात वाढले जाते ते शोभेचे कसे असेल, हा समज त्यामागे असावा.

श्रावण-भाद्रपदात भारंगीचा तुरा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला हा समज हास्यास्पद वाटेल. फांदीच्या टोकावर उभा राहणारा तो मोहोर, पाच पाकळ्यांपैकी चार फिकट निळ्या आणि खाली झुकलेली पाचवी गर्द जांभळी, शिवाय त्यांतून डौलाने वळून बाहेर आलेले लांब पुंकेसर, एवढे लावण्य असूनही ती रानातच राहते, आणि तिचे आफ्रिकी भावंड मात्र ‘ब्लू बटरफ्लाय’ या इंग्रजी नावाने आपल्या रोपवाटिकांत मिरवते!

पहिल्या पावसानंतर फुटणारी तिची करवती काठाची कोवळी पाने आदिवासी स्त्रिया बाजारात वाटे लावून विकतात. ती चिरून, उकडून, पाणी घट्ट पिळून टाकावे लागते. मग भरपूर कांदा, ठेचलेला लसूण आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून परतली म्हणजे जो किंचित कडवटपणा उरतो, तो तांदळाच्या भाकरीबरोबर हवासाच वाटतो. पिळण्याचा आळस करणारा मात्र पुन्हा या भाजीच्या वाटेला जात नाही. फुलांचीही भाजी होते.

पाने खुडल्याने झुडूप मरत नाही. पण आयुर्वेदात श्वास-कासावर सांगितलेले तिचे मूळ खणले की झुडूपच संपते. त्यात घाणेरीची भर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात निव्वळ शोभेसाठी आणलेल्या या अमेरिकी पाहुणीने पुढे देशभरच्या रानांत स्थानिक झुडपांची जागा बळकावली. शोभेचा निकष एवढा महाग पडल्यावरही आपला कारभार त्याच निकषावर चालावा, हे नवल आहे.

लोक पाने ओरबाडतील, हा आक्षेप येईल. ओरबाडोत, कळ्या धरण्यापूर्वी शेंडे खुडले तर झुडूप अधिक फुटते. उन्हाळ्यात ते रया गेलेले दिसते, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य करून, बारमाही हिरव्या झुडपांच्या सोबतीने तिची लागवड करावी. रस्त्याच्या धुराड्यात नको, कारण पाने खायची आहेत. रोपे बियांपासून वा छाटांपासून तयार झालेलीच घ्यावीत आणि रानातून उपटून आणलेल्या रोपांना निविदेतच स्पष्ट मनाई असावी. एरवी ठेकेदार कोणत्या डोंगराकडे वळेल, हे सांगायला नको.