मेळाव्यापुरते माजी

भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. पवनी तालुक्याच्या चौरास भागातील आसगाव हे आमचे गाव. पोटापाण्यासाठी दूर गेलेली आमच्याकडची माणसे त्या दिवसांत परततात, नातलगांकडे जेवतात, रात्रभर नाटक पाहतात आणि जाता जाता एखादी सोयरीकही जुळवून जातात. शहरात स्थिरावलेले आमचे काही मित्र या मंडईला हसतात. परंतु गेल्या हिवाळ्यात, नागपुरातील ज्या कॅथॉलिक वसतिगृहात राहून आम्ही पदवीधर झालो, तेथील माजी विद्यार्थी मेळाव्यास आम्ही गेलो होतो. तो पाहून मंडईच बरी असे वाटले. मंडईतून निदान सोयरिकी तरी जुळतात.

मेळाव्यात उणे काहीच नव्हते. पवित्र मिस्सा झाली, दीपप्रज्वलन झाले, शाली-श्रीफळे वाटली गेली. जुन्या वॉर्डनच्या नकला झाल्या. कोषाध्यक्षांनी शिल्लक वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. भोजनाच्या वेळी वसतिगृहातील आजचे विद्यार्थी वाढपी म्हणून उभे होते. वरणाची बादली घेऊन आलेल्या एका मुलाची बोली आमच्या कानाला ओळखीची वाटली, म्हणून गाव विचारले. तो आमच्याच बाजूचा, पवनीजवळचा निघाला. पहिल्या वर्षाला होता. परीक्षा दिल्यावर परत येणार नाही, असे त्याने वाढता वाढता सांगितले. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते. त्याहून मोठे कारण त्याने जरा थांबून सांगितले. वर्गात त्याने तोंड उघडले की मुले त्याच्या झाडीबोलीला हसत, आणि वसतिगृहात तो कोणाशी बोलत नसे. त्या मंडपात झाडीपट्टीतून आलेले, हेच हसू सोसून पुढे गेलेले किमान दहा-बारा जण पंगतीला बसले होते. त्यांपैकी कोणाचेही नाव त्या मुलाला ठाऊक नव्हते. आमचेही नव्हते, आणि ही आमचीच नामुष्की आहे.

कोणा एका वसतिगृहावर ठपका ठेवावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी असे मेळावे पाहिले असतील, काहींनी भरवलेही असतील. आमची तक्रार माजी विद्यार्थी या नात्याच्या समजुतीविषयी आहे. हे नाते भूतकाळाशी आहे, असे आपण धरून चाललो आहोत. ते आज त्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांशी असावयास हवे.

आपल्या ख्रिस्तसभेत याचे उत्तम उदाहरण आहे, आणि ते अनेक धर्मग्रामांत डोळ्यांसमोर आहे. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे आपण प्रौढांची, जरा वयस्करांचीच संस्था म्हणून पाहतो. तिचा जन्म मात्र विद्यार्थ्यांच्या कोंडाळ्यात झाला. 1833 च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये वीस वर्षांचा फ्रेडरिक ओझानम आणि त्याचे मोजके सोबती एकत्र आले. वादविवाद मंडळात त्यांना टोमणा मिळाला होता की, ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, तुम्ही आज काय करता? या तरुणांनी एका वडीलधाऱ्या पत्रकाराला, एमान्युएल बेली यांना, आपल्यात बसवून घेतले. बेली तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. बैठकीला त्यांनी आपल्या वृत्तपत्राची कचेरी दिली, अध्यक्षपद स्वीकारले, आणि गरिबांच्या वस्तीत कसे शिरावे हे शिकण्यासाठी या मुलांना सिस्टर रोझाली रेन्दू यांच्याकडे धाडले. 1844 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. स्वतः ओझानम पुढे सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाले, तरी त्यांनी हा संघ ‘आमच्या वेळचा’ म्हणून बासनात बांधून ठेवला नाही. 1853 मध्ये चाळिसाव्या वर्षी ते वारले. 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. बेलींसारखा वडील माणूस त्या बैठकीत नसता, तर त्या तरुणांचा उत्साह कदाचित पुढच्या परीक्षेपर्यंतच टिकला असता.

महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथे शिकलेल्यांपैकी कित्येक जण पुढे रयत शिक्षण संस्थेतच शिक्षक आणि आजीव सेवक झाले. त्यांना मेळाव्याची गरजच नव्हती.

याउलट अमेरिकेकडे पाहावे. तेथील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण केलेले बंधुसंघ आहेत, त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. ठिकठिकाणच्या शाखांना चॅप्टर. कित्येक शाखांची घरे माजी सभासदांच्या मंडळांच्या मालकीची असतात, देणग्याही त्यांच्याच. पैशाने नाते टिकते असे मानणाऱ्यांनी तेथील एक घटना आठवावी. 2017 च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील अशा एका घरात, नव्या सभासदांना सामावून घेण्याच्या रात्री, 19 वर्षांच्या एका विद्यार्थ्याला भरमसाट दारू पाजली गेली. तो जिन्यावरून पडला. सोबत्यांनी जवळजवळ बारा तास रुग्णवाहिका बोलावली नाही. तो दगावला. त्या रात्री त्या घरात बंधू पुष्कळ होते.

आपल्याकडे 1999 साली महाराष्ट्राने रॅगिंगला बंदी करणारा कायदा केला, आणि तो हवाच होता. परंतु थोरल्याने धाकट्याला छळू नये एवढेच कायदा सांगू शकतो. थोरल्याने धाकट्याची विचारपूस करावी, हे कोणत्या कलमात घालणार?

अलीकडे महाविद्यालयांना माजी विद्यार्थ्यांची आठवण येते ती नॅकच्या भेटीच्या सुमारास. मूल्यांकनाच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला आणि त्यांनी दिलेल्या रकमेला स्थान आहे. मग संघाची घाईघाईने नोंदणी होते, छायाचित्रे निघतात, अहवालात पान भरते. (छायाचित्रासाठी आम्हीही एकदा मागच्या रांगेत उभे राहिलो आहोत.)

यावर आमचे वर्गमित्र दोन उत्तरे देतात. पहिले असे, की आम्ही देणगी देतो, आणखी काय करावे? देणगी अवश्य द्यावी. मात्र त्या मुलाचे थकलेले पैसे फेडणे मंडपाच्या खर्चातून सहज शक्य होते. ते फेडावेसे वाटण्यासाठी ते थकले आहेत हे कळावयास हवे होते, आणि ते कोणत्याही जमाखर्चात लिहिलेले नव्हते. दुसरे उत्तर असे, की आजच्या मुलांना आम्ही नकोच असतो, ती मोबाइलमध्ये गुंतलेली असतात. यात तथ्य आहे. वर्षातून एकदा येऊन ‘आमच्या काळी’ या शब्दांनी सुरुवात करणारा पाहुणा कोणालाही नकोसाच असतो.

आमचे म्हणणे साधे आहे. जूनमध्ये प्रवेश झाले की वसतिगृहाने नव्या मुलांची गावे माजी विद्यार्थ्यांना कळवावीत, आणि त्या बाजूच्या एकाने एका मुलाची ओळख धरावी. पहिले तीन महिने त्याने एखाद्या साध्या रविवारी, मिस्सेनंतर, हार-तुऱ्यांविना वसतिगृहात जावे. इंग्रजीतील पहिले पाठ्यपुस्तक कसे वाचले, एस.टी.चा पास कोठे काढला, वर्गातील हसू कसे गिळले, हे सांगावे. त्याहून अधिक ऐकावे. विद्यार्थ्यांच्या मंडळाचा कारभार विद्यार्थ्यांनीच करावा, माजींनी त्यात मत मागू नये, पद तर मुळीच नको. रेक्टर फादरांच्या अधिकारात यामुळे ढवळाढवळ होईल ही भीती आम्हास कळते. म्हणूनच ही भेट त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या नजरेसमोर, वसतिगृहाच्या सार्वजनिक खोलीत व्हावी, हेही आम्ही आग्रहाने सांगतो.

हे सारे आम्ही संघाच्या कार्यकारिणीस पत्राने कळवले. उत्तर आलेले नाही. पुढील मेळाव्याची कार्यक्रमपत्रिका मात्र आली आहे, गुळगुळीत कागदावर. तीत सत्कार सहा आहेत. विद्यार्थ्यांचा उल्लेख एकदाच आहे, अगदी तळाशी: ‘भोजनव्यवस्था – वसतिगृहातील विद्यार्थी’.