सुडोकू: शोधायचे की रचायचे?

सुडोकूचे कोडे हाताने रचण्याची आता काही गरज उरली आहे का? संगणक क्षणार्धात शेकडो कोडी तयार करतो, प्रत्येकाला एकच उत्तर असल्याची खात्री देतो आणि सोपे, मध्यम, कठीण अशी प्रतवारीही लावून देतो. तेव्हा पेन्सिल आणि खोडरबर घेऊन तासन्‌तास बसणे हा निव्वळ हौसेचा भाग आहे, असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु त्याचा धागा रायपूरच्या परिसरात धानाच्या चाचणीसाठी वाफे आखणाऱ्या कृषिविद्यार्थ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून त्याचे उत्तर जरा सावकाशीने शोधायला हवे.

प्रथम इतिहास पाहू. आजच्या स्वरूपातील सुडोकू १९७९ मध्ये अमेरिकेतील ‘डेल’ प्रकाशनाच्या कोड्यांच्या मासिकात प्रसिद्ध झाले. ते हॉवर्ड गार्न्स ह्या वास्तुरचनाकाराने तयार केले होते, असे मानले जाते. १९८४ मध्ये जपानच्या ‘निकोली’ने ते उचलले आणि माकी काजी ह्यांनी त्याला आजचे नाव दिले. निकोलीची कोडी माणसे हाताने रचत आणि दिलेल्या अंकांची मांडणी सममित ठेवत. पुढे हाँगकाँगमधील निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड ह्यांनी कोडी निर्माण करणारा प्रोग्राम लिहिण्यात सुमारे सहा वर्षे घालवली. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये त्यांचे कोडे छापून आले आणि थोड्याच काळात सुडोकू जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले. जगाला सुडोकूचे वेड लावले ते यंत्राने, हे आधी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

यंत्र हे काम कसे करते? ते आधी एक पूर्ण भरलेला चौरस घेते. मग एकेक अंक पुसते आणि प्रत्येक वेळी उत्तर अजून एकच राहिले आहे का, हे तपासते. तपासण्याची रीत साधी आहे. रिकाम्या घरात चालेल तो अंक घालावा, पुढे जावे, अडले की मागे फिरून दुसरा अंक घालावा. माणसाला कंटाळा येईल असे हे काम यंत्र न थकता करते.

हाताने रचणारा मात्र दुसऱ्या टोकाने सुरुवात करतो. अंक कोणत्या घरांत दिसावेत, ह्याचा आराखडा तो आधी आखतो. सोडवणाऱ्याची नजर प्रथम कोठे जाईल, पहिला अंक कोणत्या युक्तिवादाने सापडेल, त्यामुळे दुसरीकडची कोणती वाट मोकळी होईल, ह्याचा विचार तो पावलापावलाला करतो. केवळ उत्तर एकच आहे एवढेच तपासणाऱ्या प्रोग्रामाला ही वाट ठाऊक नसते. त्यामुळे त्याच्या कोड्यात मध्येच असा टप्पा येऊ शकतो, की अंदाज बांधून पाहण्यावाचून सोडवणाऱ्याला गत्यंतर उरत नाही.

अर्थात माणसासारख्या युक्त्या वापरून कोडे सोडवून पाहणारे आणि त्यावरून काठिण्य ठरवणारे प्रोग्रामही आहेत आणि त्यांची कोडी उत्तम असू शकतात. पण त्या युक्त्या आधी कोणीतरी कागदावर ओळखाव्या लागल्या, त्यांना नावे द्यावी लागली, त्यांचा क्रम लावावा लागला. उलट, हाताने रचलेल्या कोड्याला नकळत दोन उत्तरे राहून जाण्याचा धोका असतो. हस्तकलेचे कितीही गोडवे गायले तरी ही चूक पकडायला यंत्रच अधिक भरवशाचे.

म्हणजे येथे दोन निरनिराळी कामे आहेत. एक शोधण्याचे, दुसरे रचण्याचे. शोधणारा सर्व शक्यता चाळतो. रचणारा एखादा नियम हेरून त्यातून वस्तू उभी करतो. एक साधे उदाहरण घेऊ. पहिल्या रांगेत १ ते ९ क्रमाने लिहावेत. दुसरी रांग ४ पासून सुरू करून ९ नंतर पुन्हा १ कडे वळावे. तिसरी ७ पासून सुरू करावी. त्यानंतरच्या रांगा अनुक्रमे २, ५, ८, ३, ६ आणि ९ पासून सुरू कराव्यात. सुडोकूचा निर्दोष, पूर्ण भरलेला चौरस तयार होतो. एकाच पट्ट्यातील तीन रांगांचे आरंभ तीन-तीनच्या अंतराने असल्यामुळे प्रत्येक चौकटीत नऊही अंक येतात; आणि नऊही रांगांचे आरंभ वेगवेगळे असल्यामुळे कोणत्याही स्तंभात अंक दुसऱ्यांदा येत नाही. एकही शक्यता चाळावी लागली नाही, आणि चौरस बरोबर का आहे, हेही कळले.

आता दुसरा प्रश्न. उत्तर एकच राहावे म्हणून किमान किती अंक द्यावे लागतात? कागदावरचा युक्तिवाद एवढे तत्काळ सांगतो, की दिलेल्या अंकांत निदान आठ वेगवेगळे अंक हवेत. समजा ३ आणि ७ हे दोन्ही अंक कोठेच दिलेले नाहीत. मग कोणत्याही उत्तरात सगळे ३ आणि सगळे ७ यांची अदलाबदल केली, की दुसरे उत्तर तयार होते. युक्तिवाद दोन ओळींचा आहे आणि शाळकरी मुलालाही पटेल असा आहे. पण किमान घरे किती, हा प्रश्न इतका सरळ नाही. १७ अंकांची कोडी माहीत होती. १६ अंकांचे कोणाला सापडत नव्हते. २०१२ च्या आरंभी डब्लिन येथील गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ अंकांचे कोडे अस्तित्वातच नाही, असे जाहीर केले. मूलतः भिन्न असे ५४७ कोटी २७ लाख ३० हजार ५३८ पूर्ण चौरस आहेत. ते सारे त्यांनी संगणकाकडून तपासून घेतले. त्यासाठी संगणकाच्या गाभ्यांचे सुमारे ७१ लाख तास खर्ची पडले. उत्तर मिळाले, पण १७ च का, ह्याचे आठ अंकांच्या युक्तिवादासारखे सुटसुटीत कारण त्यातून हाती लागले नाही.

शोध आणि रचना यांच्यातला हा फरक सर्वांत ठळकपणे दिसला तो सुडोकूच्या पूर्वजाच्या बाबतीत, आणि त्या कथेतील एक प्रमुख पात्र मराठी आहे. ज्या चौरसात प्रत्येक चिन्ह प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येते, त्याला लॅटिन चौरस म्हणतात. त्याला आतल्या चौकटींची अट जोडली की सुडोकू होते. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले असता चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी, अशी जोडगोळी कोणकोणत्या आकारांसाठी मिळते? १७८२ मध्ये ऑयलरने तर्क मांडला, की ६, १०, १४, १८ अशा, चाराने भागले असता बाकी दोन उरणाऱ्या आकारांसाठी ती मिळणार नाही. ६ च्या बाबतीत गास्तों तारी ह्यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता हातानेच चाळून तो तर्क खरा ठरवला. १० च्या बाबतीत मात्र शक्यता अफाट होत्या. लॉस एंजेलिस येथील ‘स्वॅक’ ह्या त्या काळच्या वेगवान संगणकालाही शोधास जुंपण्यात आले, पण यश आले नाही.

१९५९ मध्ये हा तर्क कोसळला. तो पाडणारे तिघे होते राजचंद्र बोस, शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि ई. टी. पार्कर. श्रीखंडे ह्यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला, शिक्षण नागपुरात. त्या काळी सागर, नागपूर आणि रायपूर ही तिन्ही शहरे मध्य प्रांत व वऱ्हाड ह्या एकाच प्रांतात होती. म्हणून रायपूरच्या विद्यार्थ्यालाही हा गणिती परका नाही. बोस आणि श्रीखंडे ह्यांनी प्रथम २२ आकाराची जोडगोळी रचून दाखवली. संगणक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीस असलेल्या पार्कर ह्यांनी १० आकाराची जोडगोळी मिळवली, तीही बीजगणिती रचनेने. अखेर तिघांनी मिळून सिद्ध केले, की २ आणि ६ वगळता प्रत्येक आकारासाठी अशी जोडगोळी असतेच. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बोस आणि श्रीखंडे ह्यांच्या हाती जी अवजारे होती, ती मुळात शेतीच्या प्रयोगांची आखणी करताना घडलेली होती. पिकांच्या चाचणीत कोणते वाण कोणत्या वाफ्यात लावावे, ह्या व्यावहारिक गरजेतून तो गणिती विचार वाढला होता. ह्या विजयाचा अर्थ ‘माणूस जिंकला, यंत्र हरले’ असा लावणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. पुढे पार्कर ह्यांनीच शोधण्याची रीत बदलून संगणकाकडून १० आकाराच्या जोड्या मिळवल्या. चांगली रीत सुचली की यंत्रही उपयोगी पडते.

अलीकडच्या भारतीय विज्ञानात ह्याचा सुंदर दाखला आहे. ६ आकाराची जोडगोळी साध्या गणितात अशक्य आहे. पण पुंज भौतिकीत एका घरात अनेक स्थितींचे मिश्रण राहू शकते. २०२२ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ ह्या नियतकालिकात मद्रास येथील आयआयटीच्या आणि पोलंडच्या संशोधकांनी अशी पुंजरूप मांडणी अस्तित्वात असल्याचे दाखवले. तिचा उपयोग क्वांटम संगणकातील चुका दुरुस्त करण्याच्या संकेतपद्धतीत आहे. शोध संगणकानेच घेतला, परंतु सुरुवात कोठून करायची, हे संशोधकांनी विचारपूर्वक निवडले. उत्तर मिळाल्यावरही ते थांबले नाहीत. आकड्यांच्या गर्दीतून त्यांनी नेमके सूत्र वेगळे काढले, तेव्हा त्यातील सहगुणकांत सुवर्ण गुणोत्तर दडलेले आढळले. यंत्राच्या पहिल्या उत्तरावर समाधान मानले असते, तर ती संगती उजेडात आली नसती.

आता पुन्हा रायपूरकडे वळू. छत्तीसगडच्या शेतकऱ्याकडे जमिनीसाठी चार नावे आहेत: भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचवट्यावरच्या मुरमाड भाठ्यापासून सखल भागातील काळ्या कन्हारपर्यंत उतारासोबत माती बदलते आणि तिची पाणी धरून ठेवण्याची ताकदही बदलते. एखाद्या शिवारात धानाच्या पाच वाणांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक वाण प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक स्तंभात एकदा यावे, म्हणून पंचवीस वाफ्यांचा लॅटिन चौरस आखता येतो. मग चांगले पीक वाणामुळे आले की खोलगट, ओलसर जागेमुळे, हा घोळ बराचसा मिटतो. रांगा-स्तंभांच्या जोडीला चौकटींचीही अट घालणारी आखणी जर्मनीच्या बेरेन्स ह्यांनी १९५६ मध्येच सुचवली होती. गणिताच्या दृष्टीने सुडोकू हा तिचाच एक विशेष प्रकार आहे. पानसे आणि सुखात्मे ह्या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या पुस्तकातून भारतातील कृषिविद्यार्थ्यांच्या पिढ्या प्रयोगांची आखणी शिकत आल्या आहेत.

आज ही आखणी संगणक क्षणात देतो आणि वाणांची यादृच्छिक वाटणीही चोख करतो. ते योग्यच आहे. पण पाणी कोणत्या बांधावरून आत येते, उतार कोणत्या दिशेला आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही तर कळत नाही. रांगा कशासाठी आणि स्तंभ कशासाठी, हे ज्याने स्वतः कधी कागदावर मांडून पाहिले नाही, तो विद्यार्थी छापील आखणी जशीच्या तशी शेतात उतरवेल. रांगा आणि स्तंभ उताराशी तिरके बसले, तर पंचवीसच्या पंचवीस वाफे नियमानुसार असूनही निष्कर्ष डळमळीत होईल. खरिपाचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. कोड्यासारखे खोडून पुन्हा भरणे तेथे शक्य नसते.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे, की तपासणी यंत्राकडे द्यावी, रचना मात्र सोडून देऊ नये. प्रोग्रामिंग शिकताना सुडोकू सोडवणारा प्रोग्राम लिहिणे हा बहुतेक ठिकाणचा ठरलेला सराव आहे. त्याआधी विद्यार्थ्यांकडून एक कोडे हाताने रचून घ्यावे. वर दिलेला चौरस मांडावा, त्याच्या रांगा व अंक नियमात राहून बदलावेत, सममित घरे निवडावीत आणि सोडवणाऱ्याची पहिली दहा पावले कारणांसह लिहून काढावीत. त्यानंतरच उत्तर एकच आहे का, हे संगणकाला विचारावे. बहुतेकांच्या पहिल्या कोड्याला दोन उत्तरे निघतील. कोणत्या घरांत अंक जागा बदलून बसतात, हे त्या वेळी शोधून काढावे. अशी सगळी घरे रिकामी राहिली, तर उरलेले सारे अंक देऊनही उत्तर एक राहत नाही, हे त्याच वेळी उमगेल. एवढा सराव झालेला विद्यार्थी उद्या धानाच्या शेतात आखणीचा कागद घेऊन उभा राहील, तेव्हा खुंट्या ठोकण्यापूर्वी पाणी कोठून येते, हे तो नक्की विचारील.