रंगकाम चालू आहे!

मुलांनो, मुंबई म्हणजे पैशांचं शहर. रिझर्व्ह बँक इथे, १८७५ सालापासूनचा शेअर बाजार इथे, सिनेमावालेही इथलेच. अशा श्रीमंत शहरात टंचाई कशाची असेल, सांगा पाहू? दोन गोष्टींची. जागेची आणि वेळेची! घराघरांतली निम्मी भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात, बरं का.

आधी जागा पाहू. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. तिथली एक खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे समजा, १६ फूट लांब नि १० फूट रुंद. तेवढ्यातच स्वयंपाक, आजीची मालिका, बाबांच्या बातम्या आणि तुमचा सतराचा पाढा! अशा घरात आईबाबांना भांडायचीही चोरी. आवाज जरा चढला की शेजारच्या मावशी गॅलरीतून विचारणार, "काय हो, काय झालं?" मग भांडण कुजबुजत करायचं. आणि कुजबुजत भांडता भांडता दोघांनाही हसू फुटतं!

तुम्हाला वाटेल, समोरच्या टॉवरमध्ये मज्जाच मज्जा. तिथे खोल्या भरपूर, पण आई स्वयंपाकघरातून मोबाईलवर निरोप धाडते, "जेवायला या." आतल्या खोलीतून उत्तर येतं, "पाच मिनिटं." बाबा अजून गाडीत, पुलावर अडकलेले. वरण तीनदा गरम होतं आणि चौथ्यांदा आई!

आता वेळ. विरार, कल्याण, पनवेलहून कितीतरी आईबाबा पहाटेच लोकल गाठतात. बायकांची गर्दी एवढी, की १९९२ साली पश्चिम रेल्वेवर खास महिलांसाठी आख्खी लोकल सुरू झाली. परतीच्या वाटेवर महिलांच्या डब्यात कुणी भाजी निवडतं, कुणी मटार सोलतं. सोबत घरच्या तक्रारीही सोलून होतात. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात. आई घरी हसत आली, तर त्यात या मैत्रिणींचा वाटा असतो हं!

मैत्रीचं सांगायचं तर माझ्या वर्गात चाळीतली मुलं आहेत, तशी टॉवरमधलीही. चौथीतला एक जण कुणालाच घरी बोलवत नसे. "आमच्याकडे रंगकाम चालू आहे," म्हणायचा. पहिलीपासून रंगकाम! एवढ्यात सगळी चाळ रंगवून झाली असती. एकदा टॉवरमधला दोस्त वही द्यायला थेट दारात. हा लालबुंद! खोलीत रंगाचा वाससुद्धा नाही. वास होता तो आजीच्या थालीपिठाचा. दोघांनी ते फस्त केलं आणि गॅलरीत दहा-बारा पोरांत क्रिकेटचा डाव मांडला. निघताना पाहुणा म्हणाला, "तुझ्याकडे खेळायला किती जण आहेत रे! आमच्या मजल्यावर मला कुणी ओळखतही नाही."

त्या दिवसापासून रंगकाम बंद!

घर लहान असणं हा काही गुन्हा नाही, आणि मोठ्या घरातला मित्र सुखीच असेल असंही नाही. तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ लिहून घ्या. एका मित्राला किंवा मैत्रिणीला घरी बोलवा. रिटर्न गिफ्ट वगैरे काही नको. आणि आईबाबांची खडाजंगी झाली, की भांडण जागेचं आहे की वेळेचं, ते ओळखा. जागेचं असेल तर आपलं दप्तर उचला, वेळेचं असेल तर ताटं मांडा.

पालकांनाही गृहपाठ आहे. मुलाचा मित्र दारात आला, तर "बाबा काय करतात? राहतोस कुठे?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "भूक लागलीय का रे?"